बंदर येईपर्यंतची डोलकाठी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



नागपूरहून वर्धा रोडने निघालं की तीसएक किलोमीटरवर बुटीबोरी लागतं. तिथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक वर्ध्याकडे जातो, दुसरा हिंगणघाटवरून थेट हैदराबादकडे. माझं नोकरीतलं बहुतेक आयुष्य या फाट्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत गेलं. मी मेंटेनन्स खात्यातला माणूस. म्हणजे यंत्र चालू असताना ज्याची कोणाला आठवण होत नाही आणि बंद पडलं की ज्याच्या घरचा फोन रात्री दोनला वाजतो, तो माणूस. आज मी तुमच्याशी एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहे. इंग्रजीचा मास्तर नसताना मी या फंदात का पडलो, ते आधी सांगतो.

आमच्या कारखान्यात नवं यंत्र बसवायला एक इंग्रज इंजिनिअर आला होता. एका रात्री थंड पाण्याच्या लाइनचा एक जोड गळायला लागला. आमच्या फिटरने, आम्ही त्याला वस्ताद म्हणायचो, सायकलची जुनी ट्यूब कापली, जोडावर कचकचून गुंडाळली, वरून दोन क्लॅम्प आवळले आणि गळती थांबवली. साहेबाने सकाळी येऊन पाहिलं, हसला आणि पाळीच्या नोंदवहीत लिहून गेला: 'ज्युरी-रिग्ड'. मला ज्युरी एकच ठाऊक. कोर्टातली, सिनेमात बारा माणसं बसलेली असतात ती. मला वाटलं, आता आपल्यावर खटलाच चालणार! वस्ताद म्हणाला, "साहेब, पाणी बंद झालं न? मंग काहून घाबरता?"

खटला काही झाला नाही. शब्द मात्र डोक्यात राहिला. पुढे सवडीने ग्रंथालयात जाऊन कोश चाळले, तेव्हा कळलं की या ज्युरीचा कोर्टाशी काहीही संबंध नाही. कोर्टातली ज्युरी लॅटिनमधल्या शपथ घेण्याच्या क्रियापदावरून आली. ही दुसरी ज्युरी मात्र समुद्रावरची.

शिडाच्या जहाजाची डोलकाठी वादळात मोडली तर भर समुद्रात नवी कुठून आणणार? मग खलाशी जहाजावरचंच एखादं सुटं लाकूड, आडवी काठी, जे हाताशी असेल ते उभं करत, दोरांनी ताणून बांधत, त्यावर फाटकंतुटकं शीड चढवत आणि जवळचं बंदर गाठत. या तात्पुरत्या डोलकाठीला इंग्रजीत म्हणत 'ज्युरी मास्ट'. कॅप्टन जॉन स्मिथ नावाचा दर्यावर्दी १६१५ साली अमेरिकेच्या किनाऱ्याकडे निघाला होता. वादळात त्याच्या जहाजाच्या डोलकाठ्या गेल्या. अशी ज्युरी मास्ट उभारून तो इंग्लंडमधल्या प्लिमथ बंदरात परत आला आणि १६१६ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने हे लिहून ठेवलं. छापील इंग्रजीत हा शब्द दिसतो तो अगदी सुरुवातीला इथे. पुढे डोलकाठीबरोबर दोर, शिडं असा सगळाच तात्पुरता सरंजाम त्यात आला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस 'ज्युरी-रिग्ड' हा शब्द तयार झाला.

आता हे 'ज्युरी' आलं कुठून? कोणी म्हणतात, जुन्या फ्रेंचमधल्या 'अजुरी' म्हणजे मदत या शब्दावरून. कोणी म्हणतात, फ्रेंच 'जूर' म्हणजे दिवस, म्हणून एका दिवसापुरती ती डोलकाठी. कोणी तर 'इंज्युरी' म्हणजे इजा या शब्दाचं शेपूट धरतात, पण जाणकार ते मानत नाहीत. यातलं पहिलं मत त्यातल्या त्यात वजनदार समजलं जातं, पण पक्का निकाल लागलेला नाही. म्हणजे या ज्युरीने आपल्याच जन्माचा निकाल चारशे वर्षं लांबवला आहे!

इंग्रजीत याला एक चुलतभाऊही आहे: 'जेरी-बिल्ट'. हा समुद्रावरचा नाही, जमिनीवरचा. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलसारख्या शहरांत गिरण्या आणि गोद्यांमागोमाग माणसांची गर्दी झाली आणि ठेकेदारांनी कमी चुना, पातळ भिंती, ओली लाकडं वापरून घरांच्या ओळीच्या ओळी उभ्या केल्या. अशा बांधकामाला लोक जेरी-बिल्ट म्हणू लागले. १८६० च्या दशकात हा शब्द छापील सापडतो. पुष्कळांना वाटतं, महायुद्धात इंग्रज शिपाई जर्मनांना 'जेरी' म्हणत, त्यावरून हा शब्द आला. पण जर्मनांना ते नाव पडलं पहिल्या महायुद्धाच्या वेळी, आणि हा शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. पेट्रोलच्या चपट्या डब्याला जेरीकॅन म्हणतात, ते मात्र खरंच जर्मनांवरून.

विसाव्या शतकात या दोन शब्दांची मिसळ झाली आणि लोक 'जेरी-रिग्ड' म्हणू लागले. आता सर्रास तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. भाषेत असं होतं, त्यात कोणाचा दोष नाही. पण मला विचाराल, तर या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्युरी मास्ट उभारणाऱ्या खलाशाला पुरतं ठाऊक होतं की ही खरी डोलकाठी नव्हे. तो वादळाची वाट टाळत होता, शीड कमी ताणत होता, डोळ्यांत तेल घालून बंदर शोधत होता. जेरी-बिल्ट घर विकणारा मात्र म्हणत होता, हे पक्कं घर आहे, नातवंडांपर्यंत टिकेल. एकाने अडचणीतून वाट काढली, दुसऱ्याने फसवलं.

आता आपल्या घरात येऊ. मराठीत याच कामासाठी शब्दांची कमी नाही. फाटलं तर ठिगळ लावायचं, बारीक फाटलं तर रफू करायचं. घराची पावसाळ्याआधी करतो ती डागडुजी. हा शब्द ऐकला की मला जरदोजी आठवते. फारसीत 'दोजी' म्हणजे शिवणकाम. जरीने शिवलं तर जरदोजी, आणि डाग झाकायला टाका घातला तर डागडुजी! मग आहे मलमपट्टी, आहे थातुरमातुर, आहे वेळ मारून नेणं. गंमत बघा, ठिगळ, रफू, डागडुजी या शब्दांत काम आहे, कष्ट आहेत. थातुरमातुर आणि वेळ मारून नेणं यांत सरळ सरळ ठपका आहे. म्हणजे ज्युरी आणि जेरी यांतला फरक आपल्या आजी-पणजीला नेमका ठाऊक होता.

आणि मग आला जुगाड. आमच्या नागपूरकडे हिंदी आणि मराठी एकाच नळाचं पाणी पितात, त्यामुळे हा शब्द इथे पाहुणा कधीच नव्हता. जुगत म्हणजे युक्ती, संस्कृत युक्तीचंच ते रूप. जुगाडलाही त्याच कुळात बसवतात, ज्या कुळात योग आहे, बैलाच्या मानेवरचं जू आहे आणि इंग्रजीतलं 'योक'ही आहे. म्हणजे जोडणं, जुंपणं. उत्तर भारतात तर जुगाड नावाची गाडीच आहे. शेतातल्या पाण्याच्या पंपाचं डिझेल इंजिन, लाकडी सांगाडा, जुन्या जीपची चाकं. तिच्यावर वीस-पंचवीस माणसं बसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं, की हे मोटार वाहनच आहे, तेव्हा नोंदणी, परवाना, विमा या गोष्टींशिवाय ते रस्त्यावर आणता येणार नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१२ मध्ये, जुगाडाचे गुण सांगणारं व्यवस्थापनाचं एक इंग्रजी पुस्तक निघालं आणि ते जगभर वाचलं गेलं. २०१७ मध्ये हा शब्द ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात गेला. कोर्टात आरोपी आणि कोशात मानकरी, असं नशीब फार थोड्या शब्दांच्या वाट्याला येतं.

श्रोतेहो, मी जुगाडाच्या विरुद्ध नाही. त्याच्यावर तर माझं घर चाललं. माझं लहानपण बुटीबोरीच्या पलीकडच्या खेड्यात गेलं. एकदा बाबा कापसाची गाडी घेऊन निघाले होते, मी गाडीवर बसलेलो. वाटेत नाल्याच्या चढावर कडकन आवाज झाला आणि जू मोडलं. गाडी भरलेली, उन्हं उतरलेली, आसपास चिटपाखरू नाही. बाबांनी आधी बैल सोडले, चाकांना दगड लावले. मग कुऱ्हाडीने बाभळीची एक सरळ फांदी तोडली, काटे सोलले, मोडक्या जूवर आडवी ठेवली आणि नाड्याने करकचून बांधली. अर्धा कापूस तिथेच उतरवून माझ्या भरवशावर ठेवला, उरलेला पोचवून आले आणि मग दुसरी खेप केली. घरी पोचायला रात्र झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुऊन आधी कुठे गेले असतील, तर सुताराकडे. मी म्हटलं, "बाबा, चाललं तं होतं न चांगलं." ते म्हणाले, "बैलाची मान सोलली न रे. त्याले बोलता येत नाही म्हणून का असंच ठेवाचं?"

ज्युरी मास्ट म्हणजे काय, हे मला पुढे कोशात सापडलं, पण खरं त्या दिवशीच कळायला हवं होतं. ओझं कमी करा, हळू चाला, आणि घरी पोचल्याबरोबर सुताराकडे जा.

असाच एक प्रसंग साऱ्या जगाने पाहिला. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो-१३ यानात प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. तिघा अंतराळवीरांना चांद्रयानात आसरा घ्यावा लागला. ते यान होतं दोघांसाठी बनवलेलं. श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वाढू लागला. तो शोषणारे जास्तीचे डबे मुख्य यानात होते, पण ते चौकोनी, आणि चांद्रयानातली जागा गोल. मग जमिनीवरच्या इंजिनिअरांनी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, पोशाखाच्या नळ्या आणि चिकटपट्टी एवढ्या सामानात तोड काढली आणि ती कृती रेडिओवरून सांगितली. १७ एप्रिलला तिघेही सुखरूप उतरले. आमच्या वस्तादाला ही गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, "म्हणजे आपल्यासारखेच आहेत की ते बी!" होते खरेच. पण पुढचं यान ती चिकटपट्टी लावून उडालं नाही. टाकीची रचना बदलली, जादा टाकी बसवली, तेव्हाच अपोलो-१४ निघालं.

आता जी गोष्ट सांगायची आहे, ती सांगण्यासाठीच मी हे आमंत्रण स्वीकारलं. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती.

आमच्याकडे वाया गेलेल्या सुताच्या गाठी बांधायचा प्रेस होता. त्याला एक दार. दाराला लिमिट स्विच. दार उघडलं की स्विच सुटायचा आणि प्रेस जागच्या जागी थांबायचा. एके दिवशी तो स्विच खराब झाला. प्रेस सुरूच होईना. नवा स्विच मुंबईहून यायला चार दिवस. तोवर सुताचा ढीग छताला लागणार, मुकादम ओरडणार, वरून विचारणा होणार. मी काय केलं? स्विचचा दांडा बोटाने दाबला आणि बाइंडिंग तारेने दाबलेल्या अवस्थेत बांधून टाकला. आता यंत्राला वाटणार, दार कायम बंदच आहे. प्रेस सुरू झाला. दोन मिनिटांचं काम. सगळे खूश. तिन्ही पाळ्यांना मी तोंडी सांगितलं, दार उघडून हात घालू नका, चार दिवसांचाच प्रश्न आहे.

पाचव्या दिवशी स्विच आला आणि स्टोअरमध्ये जमा झाला. तो बसवायला प्रेस तासभर बंद ठेवावा लागला असता. आज माल जास्त आहे, उद्या बघू. उद्या दुसरं यंत्र बंद पडलं. मग दिवाळी आली. ज्यांना तोंडी सांगितलं होतं, त्यांतले निम्मे ठेकेदाराचे मजूर होते. ते गेले, नवे आले. त्यांना कोण सांगणार? आणि खरं सांगायचं तर, मीही विसरलो होतो. तार व्यवस्थित होती. यंत्र व्यवस्थित होतं. तक्रार नव्हती.

साडेतीन महिन्यांनी रात्रपाळीत एका नव्या पोराने, वीस-एकवीस वर्षांचा असेल, दार उघडलं आणि अडकलेलं सूत ओढायला हात आत घातला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मी सकाळी दवाखान्यात गेलो. मला वाटलं होतं, तो शिव्या देईल, निदान त्याचे घरचे देतील. तो माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाला, "दार तं उघडं होतं न, साहेब."

श्रोतेहो, हे वाक्य मी इतक्या वर्षांत विसरू शकलो नाही. त्याची काय चूक होती? त्याला कोणीतरी शिकवलं होतं की दार उघडलं की यंत्र थांबतं. त्याने त्या दारावर विश्वास ठेवला. दाराला खोटं बोलायला मी शिकवलं होतं. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं एकविसावं कलम सांगत होतं, की यंत्राच्या धोक्याच्या भागांना भक्कम आवरण हवं आणि यंत्र चालू असताना ते जागेवर हवं. ते कलम मला पाठ होतं. चौकशीत विचारलं, तार कोणी बांधली? मी म्हटलं, मी. नवा स्विच कुठे आहे? स्टोअरमधून खोका आणला. त्याची चिकटपट्टीसुद्धा फाडलेली नव्हती.

मला समज मिळाली, पगारवाढ थांबली. त्याला भरपाई मिळाली. पण या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत, हे कोणालाही कळेल.

त्यानंतर मी अशा घटना शोधून वाचू लागलो. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो नावाचं गाव आहे. तिथे नायलॉनचा कच्चा माल बनवणारा कारखाना होता. एकामागे एक अशा सहा मोठ्या टाक्या, प्रत्येक टाकी आधीच्यापेक्षा थोडी खाली. मार्च १९७४ मध्ये पाचव्या टाकीला लांब भेग पडलेली दिसली. पुढे कळलं, की आधीच्या गळतीवर उपाय म्हणून तिच्यावर पाणी सोडत होते आणि त्या पाण्यातल्या नायट्रेटने पोलाद खाल्लं. म्हणजे पहिली मलमपट्टीच दुखण्याचं मूळ. पाचवी टाकी काढली आणि चौथी सहावीला जोडायचं ठरलं. तोंडं अठ्ठावीस इंचांची, हाताशी पाइप वीस इंचांचा. दोन टाक्या वरखाली, म्हणून पाइपला दोन ठिकाणी वाक दिला. आराखडा कुठे काढला, तर कार्यशाळेच्या फरशीवर, खडूने. आधार म्हणून खाली बांधकामाचे मचाण. कारखान्याचा मुख्य इंजिनिअर नोकरी सोडून गेला होता आणि त्याची जागा रिकामी होती. हा पाइप दोन महिने चालला. १ जून १९७४ ला, शनिवारी दुपारी, तो निखळला, ज्वालाग्राही वाफेचा ढग पसरला आणि पेटला. २८ माणसं जागीच गेली. शनिवार होता म्हणून कचेऱ्या रिकाम्या होत्या, नाहीतर आकडा कितीतरी मोठा झाला असता.

खडूची ती रेघ वाचून मला माझी तार आठवली. तिथल्या लोकांचाही हेतू वाईट नव्हता. त्यांनाही काम थांबवायचं नव्हतं. डोलकाठी त्यांनी उभी केली, पण बंदर कुठलं आणि कधी, हे कोणी ठरवलंच नाही. त्या अपघातानंतर जगभरच्या रसायन कारखान्यांत एक शिस्त हळूहळू रुजली: यंत्रात कुठलाही बदल करायचा, मग तो तात्पुरता का असेना, तर तो कागदावर लिहायचा, जाणत्या माणसाने तपासायचा आणि मगच करायचा.

मी माझ्यापुरती एक साधी वही केली. दोनशे पानी, बाजारात मिळते ती. तिला सगळे 'तात्पुरती वही' म्हणू लागले. तिच्यात पाच रकाने. काय बांधलं, का बांधलं, कोणी बांधलं, त्यामुळे कुठला धोका उघडा पडला, आणि कोणत्या तारखेला काढणार. यंत्रावर त्याच तारखेची लाल चिठ्ठी. तारीख उलटली की सकाळच्या बैठकीत पहिला विषय तो. शिवाय एक नियम: गळती, खडखड, आवाज यांवर जुगाड चालेल, माणसाच्या जीवाच्या आड जे उभं आहे त्यावर नाही. दार, ब्रेक, सेफ्टी व्हॉल्व्ह, फ्यूज. त्यांना हात लावण्यापेक्षा यंत्र बंद ठेवायचं आणि ओरडा खायचा. सुरुवातीला लोक हसले. वस्ताद म्हणाला, "साहेब, जुगाडाची बी जन्मपत्रिका काढता काय आता?" मी म्हटलं, "जन्मपत्रिका नाही, मरणाची तारीख लिहून ठेवतो."

ही वही फक्त कारखान्यासाठी नाही. आपल्या घरात फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार घातलेली असते, गिझरची वायर उघड्या जोडाची असते, गॅसच्या नळीला चिकटपट्टी असते, गच्चीच्या कठड्याला दोरी बांधलेली असते. केव्हा बांधली? आठवत नाही. म्हणजेच ती तात्पुरती राहिलेली नाही. आज दुपारी एक कागद घ्या, घरभर फिरा आणि अशा जागांची यादी करा. प्रत्येकीपुढे एक तारीख लिहा. एवढंच माझं मागणं आहे.

तो पोरगा आता पोरगा राहिला नाही. आमच्याच कारखान्यात पुढे त्याला स्टोअरमध्ये कायम नोकरी मिळाली. मी निवृत्त व्हायच्या आधी कधी सुटा भाग वेळेवर नेला नाही, तर तो स्वतः खोका घेऊन मेंटेनन्सच्या दारात येऊन उभा राहायचा. "साहेब, हे पडलं आहे आपलं," एवढंच म्हणायचा आणि सही घेतल्याशिवाय हलायचा नाही. खोका तो डाव्या हाताने पुढे करायचा.